ग्रामसभेचं जंगल आणि निसर्गाचा जमाखर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत जंगलाच्या नोंदी बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यातला बहुतेक काळ गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत. ग्रामसभांचे सचिव, कॉलेजातली मुलं, संस्थांचे कार्यकर्ते आणि अधूनमधून अधिकारीही तेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. त्यातले इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंत्याचे नंतर. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. परिसंस्थेचं लेखांकन म्हणजे नेमकं काय? झाडं मोजायची का?

झाडं मोजणं हा त्यातला लहानसा भाग. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, वर्षभराची आवक-जावक आणि अखेरची शिल्लक ही जमाखर्चाची रीत जंगल, तळं, गवताळ माळ, पाणथळ यांना लावायची, इतकी साधी ही कल्पना आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२१ मध्ये त्याची जागतिक चौकट स्वीकारली. तिच्यात पाच खाती आहेत. कोणती परिसंस्था किती क्षेत्रावर आहे याचं विस्तार खातं, ती किती धडधाकट आहे याचं स्थिती खातं, माणसाला तिच्याकडून काय काय मिळतं याचं सेवा खातं, त्याच सेवांचं पैशातलं खातं आणि शेवटी त्या साऱ्या मालमत्तेचं पैशातलं मूल्य.

पैशातल्या मूल्यांकनाच्या प्रकरणांना आयोगाने मानकाचा दर्जा दिलेला नाही, ती तत्त्वं आणि शिफारशी म्हणून नोंदवली आहेत. मानक म्हणून मान्यता आहे ती विस्तार, स्थिती आणि नगांत-किलोत मोजलेल्या सेवांना. म्हणजे एकही रुपया न लिहिता तुमचा हिशेब नियमाला धरून राहू शकतो. प्रश्न ८ आणि ९ वाचताना हे लक्षात असू द्या.

२. जंगल तेच, मोजपट्टी तीच. मग त्यात आदिवासींचा दृष्टिकोन वेगळा कशाला?

मोजपट्टी धरायच्या आधीच काय मोजायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं, म्हणून. या चौकटीत निसर्ग ‘सेवा’ देतो आणि माणूस त्या घेतो. व्यवहार एकाच दिशेने चालतो. गोंड-माडिया गावांत बसून बोललं तर नातं दोन्ही बाजूंनी असल्याचं कळतं. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी कुळांची मांडणी असते आणि प्रत्येक कुळाने जपायची झाडं, प्राणी, पक्षी ठरलेले असतात. नवा आंबा, नवी मोहफुलं पंडुम, म्हणजे नव्या पिकाचा सण, झाल्याशिवाय घरात येत नाहीत. म्हणजे काय घ्यायचं, किती घ्यायचं, कधी घ्यायचं याला गावाने लगाम घातलेला आहे. घेतलेलं किलोत दिसतं. न घेतलेलं कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने, म्हणजे आयपीबीईएसने, २०२२ मध्ये निसर्गाच्या मूल्यांवर अहवाल दिला. त्यात माणसाच्या निसर्गाशी असलेल्या नात्याचे चार प्रकार मांडले आहेत: निसर्गावर जगणं, निसर्गासोबत जगणं, निसर्गात जगणं आणि निसर्ग होऊन जगणं. नेहमीच्या खात्यांना पहिला प्रकार उत्तम जमतो. बाकीचे तीन निसटतात, आणि उद्या एखाद्या प्रकल्पाची फाईल आली की निसटलेलं ते सगळं ‘नव्हतंच’ असं धरलं जातं.

३. आमच्या गावाला असा हिशेब ठेवायचा अधिकार आहे का? की हे वनखात्याचं काम?

अधिकार आहे. २००६ चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३(१)(झ), म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ‘आय’, खाली सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला मिळतो. कलम ५ मध्ये वन्यजीव, जंगल, पाण्याचे स्रोत यांच्या रक्षणाबरोबर गावाचा सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ‘सांस्कृतिक’ हा शब्द कायद्यातच आहे, तो आपण भावनेच्या भरात घातलेला नाही. हे बैठकीत ठासून सांगा.

नियम ४(१)(ङ) प्रमाणे ग्रामसभा व्यवस्थापन समिती नेमते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्या समितीचा आराखडा, वाहतूक परवाने, उत्पन्नाचा विनियोग यांवर ग्रामसभेची नजर राहते. आराखडा करायचा म्हटला की हिशेब आलाच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पावतीपुस्तक कुणाकडे आहे यावर हिशेब कुणाचा हे ठरतं, हे तिथे सगळ्यांनी पाहिलं.

४. सुरुवात नकाशापासून करायची की नोंदवहीपासून?

पायांपासून करा. शिवारफेरी हा शब्द आता योजनांमुळे गुळगुळीत झाला आहे, पण दुसरा मार्ग मला अजून सापडलेला नाही. चार-पाच गटांनी फिरायचं. म्हातारी माणसं, बाया, गुराखी आणि शाळेतली पोरं प्रत्येक गटात हवीत. दर थांब्यावर तीनच गोष्टी विचारायच्या: या जागेला नाव काय, इथून काय येतं, आणि इथे काय करायचं नाही. तिसरा प्रश्न सर्वेक्षणाच्या फॉर्मवर सहसा नसतो. मला सर्वांत जास्त माहिती मात्र त्यानेच दिली.

एक प्रसंग सांगतो. मार्च अखेरची पहाट होती. मोहाखाली दोन बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या आणि मी फॉर्म घेऊन बाजूला उभा. झाडाचा घेर, अंदाजे फुलं, किलो असे रकाने भरत होतो. पुढच्या झाडाखाली फुलांचा सडा तसाच पडलेला दिसला. हे राहिलं का, म्हणून विचारलं. त्यांतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, “ते अस्वलाचं. उन्हं वर आल्यावर जाऊ. तोवर त्याचं खाऊन होते.” माझ्या फॉर्ममध्ये त्या झाडासाठी जागाच नव्हती. त्या दिवसापासून आमच्या वहीत ‘राखून ठेवलेलं’ असा रकाना आहे.

चौकटीच्या भाषेत अस्वलाने खाल्लेली फुलं ‘सेवा’ ठरत नाहीत, कारण घेणारा माणूस नाही. म्हणून ती सेवा खात्यात घालू नका. ‘उशिरा जायचं’ हा गावाचा नियम म्हणून लिहा आणि अस्वलाचा वावर स्थिती खात्यात घ्या.

५. उपग्रहाच्या नकाशात आमचं जंगल ‘झुडपी’ किंवा ‘विरळ’ दिसतं, गाव म्हणतं ते चांगलं आहे. खरं कुणाचं?

बहुतेक वेळा दोघांचंही, कारण दोघं वेगवेगळी गोष्ट पाहत असतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वर्गवारीत छत्राची घनता ७० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर अतिघन, ४० ते ७० टक्के मध्यम, १० ते ४० टक्के विरळ आणि १० टक्क्यांखाली झुडपी. एक हेक्टर किंवा मोठ्या तुकड्यावर १० टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन, मग मालकी कुणाचीही असो आणि झाड कोणतंही असो. त्यामुळे मिश्र जंगल तोडून सरळ रांगांत सागवान लावलं, तरी काही वर्षांनी नकाशावर ते पुन्हा हिरवं दिसतं. गावाच्या लेखी मात्र तिथले मोह, चारोळी, आवळा, बेहडा गेले.

उलट एखादा खडकाळ माळ नकाशावर ‘पडीक’ असतो. गाव सांगतं की पावसाळ्यात गुरं तिथे उभी राहतात, पहिल्या पावसानंतर कंद तिथे निघतात, आणि घरावर घालायचं गवत तिथलंच. ‘पडीक’ हा शब्द साधा नाही. अशा शिक्क्याच्या जमिनी वृक्षलागवडीच्या योजनांच्या यादीत सर्वांत आधी जातात, आणि माळावर खड्डे पडायला लागल्यावर गावाला कळतं.

यावर उपाय म्हणजे विस्तार खात्यात दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवा: शासकीय वर्ग (वनखात्याच्या कक्ष क्रमांकासह) आणि गावाचं नाव व वापर. दोन्हींचं एकत्रीकरण करायला जाऊ नका. चौकटीला एका जागेवर एकच परिसंस्था लागते, गावाच्या नावांच्या हद्दी मात्र एकमेकींवर चढतात. ती चढती हद्द वेगळ्या थरात ठेवली की दोन्ही शाबूत राहतात.

६. जंगलाची स्थिती कशाने मोजायची? शास्त्रीय निर्देशकांनी की गावाच्या खुणांनी?

दोन्हींनी. पण तुलना कशाशी करायची, हा त्याआधीचा प्रश्न आहे. स्थिती खात्याला एक संदर्भ-अवस्था लागते, जिच्याशी आजची अवस्था ताडून पाहायची. माणसाचा हात न लागलेलं जंगल हा संदर्भ अनेक तज्ज्ञ सहज धरतात. मध्य भारतातली जंगलं हजारो वर्षं माणसाच्या वावरात घडली आहेत. इथे असा संदर्भ घेतला की गावाचं असणं हेच नुकसान म्हणून नोंदलं जातं. चौकटीत ऐतिहासिक अवस्थेचा पर्यायही आहे, तो वापरा. ‘आजोबांच्या वेळचं जंगल’ हा संदर्भ गावाला समजतो आणि बैठकीत तपासूनही घेता येतो.

खुणा गावच सांगतं. उन्हाळ्यात झिरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, चारोळीसाठी किती लांब जावं लागतं, मध कोणत्या उंचीवर लागतो, बांबूची काठी किती पेरांची निघते, एखादा पक्षी यंदा ऐकू आला का. यांतल्या पाच-सहा निवडा आणि दरवर्षी त्याच तिथीला, त्याच जागी नोंदा. जोडीला छत्राची घनता आणि रोपांची गणती ठेवा. सालोसाल सलग नसेल तर कोणताही निर्देशक कामाचा नाही. निवड चुकली तरी चालेल, खंड पडू देऊ नका.

७. गौण वनोपजात फक्त विकलेला माल लिहायचा का?

घरी खाल्लेला, वापरलेला, देवाणघेवाणीत गेलेलाही लिहायचा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतसुद्धा स्वतःसाठी गोळा केलेलं सरपण आणि रानमेवा उत्पादनात धरतात, त्यामुळे कुणी आक्षेप घेतला तर घाबरू नका.

तेंदूची नोंद सोपी जाते, कारण फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, माप ठरलेलं आहे: ७० पानांचा पुडा आणि १,००० पुड्यांची मानक गोणी. बांबूही मोजून जातो. बाकीच्यांसाठी गावाचंच माप ठेवा. टोपली, सूप, पायली जे चालतं ते, आणि एकदा वजन करून त्याचं किलोशी प्रमाण लिहून ठेवा. बायांच्या हातातून जाणारा माल, म्हणजे भाज्या, अळिंबी, कंद, औषधी साली, हमखास सुटतो, कारण नोंद घेणारे पुरुष असतात आणि विचारतात पुरुषांनाच. नोंद ठेवणाऱ्यांत निम्म्या बाया हव्यात.

८. देवराईला, पेनठाण्याला (गोंडांच्या देवांच्या ठाण्याला) किती किंमत लावायची?

लावू नका.

याच प्रश्नावर सर्वांत जास्त पत्रं येतात, म्हणून थोडं सविस्तर. या चौकटीच्या सेवांच्या यादीत आध्यात्मिक, कलात्मक आणि प्रतीकात्मक सेवा आहेत. त्यामुळे देवराई ‘बसते’, यात शंका नाही. अडचण पैशाच्या खात्यात येते. तिथे विनिमय मूल्य लागतं, म्हणजे बाजारात सौदा झाला असता तर किती मिळाले असते ते. मग लोक जवळचे आकडे शोधतात: जत्रेला आलेल्यांचा प्रवासखर्च, पूजेचा खर्च, किंवा “ही जागा वाचवायला तुम्ही किती द्याल” असा सर्वेक्षणातला प्रश्न. शेवटचा प्रश्न मी एका गावात विचारला जाताना पाहिला आहे. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक आजोबा उठून गेले, आणि त्यांच्यामागून बाकीचे. त्या तक्त्यात नंतर शून्य भरलं गेलं. लोकांचा नकार होता, आणि तक्त्यात तो ‘काही मोल नाही’ असा वाचला जात होता.

शून्य आणि ‘किंमत लावण्यास ग्रामसभेचा नकार’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. वहीत दुसरी नोंद पूर्ण शब्दांत लिहा, ठरावाचा क्रमांक आणि तारीख द्या. क्षेत्र विस्तार खात्यात येऊ द्या, झाडं आणि झरा स्थिती खात्यात येऊ द्या, पैशाच्या खात्यात मात्र रकाना कोरा न सोडता हे वाक्य लिहा. जागा नकाशावर दाखवायची की नाही, याबद्दल प्रश्न ११ पाहा.

९. पण पैशात मांडलं नाही तर वर कुणी ऐकतच नाही. मग करायचं काय?

ही तक्रार खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवताना प्रकल्पाकडून निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, वसूल होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरवले आणि २०२२ मध्ये ते सुमारे ९.५७ लाख ते १५.९५ लाख रुपये झाले. दर जंगलाच्या प्रकारावर आणि घनतेवर ठरतो. तिथे कुणाचा देव आहे, कुणाचं मोहाचं झाड आहे, याने तो बदलत नाही. पैसे भरपाई वनीकरणाच्या निधीत जातात, ग्रामसभेच्या खात्यात नाही.

म्हणून माझा सल्ला असा. मोहफुलं, तेंदू, बांबू, सरपण, चारा, मासे यांचा रुपयांतला हिशेब जरूर तयार ठेवा, आणि तो किमान उंबरठा आहे असं वर स्पष्ट लिहा. नुकसानभरपाईच्या वादात तो कामाला येतो. पण नकाराचा आधार पैशावर ठेवू नका, कारण पैशाच्या युक्तिवादाला मोठा आकडा नेहमी हरवतो.

ओडिशातलं नियमगिरी आठवा. डोंगरिया कोंध आदिवासींचा देव, नियमराजा, ज्या डोंगरावर आहे तिथल्या बॉक्साईटचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा, असं सांगितलं. १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. तिथे ग्रामसभांनी डोंगराची किंमत काढली नव्हती. काम केलं ते कायद्याच्या आधाराने झालेल्या ठरावांनी.

१०. एखादं उत्पन्न गावाने मुद्दाम सोडलं तर ते खात्यात तोटा म्हणून दाखवायचं का?

नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव यासाठी पाहण्यासारखं आहे. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपानांचा हंगाम बंद केला. पानांसाठी झाडं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. पान सोडलं की टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, लागतात, ती माणसं आणि पाखरं दोघं खातात. बांबूतून येणारं उत्पन्न त्यांनी चालू ठेवलं. सेवा खात्यात तेंदूपानं शून्यावर आली आणि एवढंच पाहणाऱ्याला जंगल निकामी झाल्यासारखं दिसेल. स्थिती खातं शेजारी ठेवलं तर चित्र उलटं होतं. म्हणून घटीच्या प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहायची सवय लावा: जंगल कमी पडलं, भाव पडला, की ग्रामसभेने ठरवलं. तिन्हींचे आकडे सारखे असू शकतात.

११. वैदूंकडची माहिती, पवित्र जागा, कंदांच्या जागा हे सगळं नोंदवायचं का?

नोंदवायचं की नाही हे ज्याचं ज्ञान आहे त्याने आणि ग्रामसभेने ठरवायचं. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१) मध्ये जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानावरच्या सामूहिक बौद्धिक हक्काचाही समावेश आहे. जगभरच्या आदिवासी गटांनी २०१९ मध्ये माहितीच्या कारभाराची चार तत्त्वं मांडली: सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी, नैतिकता. यांतलं दुसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आमच्याकडून एकदा चूक झाली. फेरीत दाखवलेलं पेनठाण आम्ही उत्साहाने जीपीएसचा ठिपका देऊन नकाशावर टाकलं आणि नकाशा बैठकीत भिंतीवर लावला. गायता, म्हणजे गावाचे पुजारी, बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले आणि म्हणाले, दाखवलं होतं तुम्हाला, भिंतीला नाही. तो ठिपका आम्ही मूळ फाईलमधूनही काढला. तेव्हापासून तीन थर ठेवतो: सर्वांना दिसणारा, फक्त ग्रामसभेपुरता, आणि कुठेच न लिहिलेला. बाहेरच्या नकाशावर गरज पडली तर नुसतं ‘ग्रामसभेने राखलेलं क्षेत्र’ एवढंच आणि तेही मोठ्या तुकड्यात. औषधीच्या बाबतीत झाडाचं नाव चालतं, मात्रा आणि कृती वैदूकडेच राहते. लोकजैवविविधता नोंदवही करतानाही हाच नियम पाळा.

१२. गावातच एकमत नसेल तर ‘आदिवासी दृष्टिकोन’ कुणाचा धरायचा?

असा एकच दृष्टिकोन कुठेही नसतो. तेंदूच्या हंगामावर घर चालवणाऱ्या तरुणाचं म्हणणं आणि सरपणाला जाणाऱ्या बाईचं म्हणणं वेगळं पडतं. त्याच गावात इतर पारंपरिक वननिवासीही असतात, आणि जंगल त्यांचंही आहे. दोन म्हाताऱ्यांना विचारून ‘गाव असं म्हणतं’ लिहिणं हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे.

कायद्याचं किमान माप असं: ग्रामसभेला किमान निम्मी उपस्थिती आणि उपस्थितांत एक तृतीयांश बाया. मेंढा (लेखा) याच्या पुढे गेलं आणि सर्वसहमती होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा घेत राहिलं. त्याला वेळ लागतो. तो लागू द्या. जमलंच नाही तर दोन्ही मतं नोंदवहीत जशीच्या तशी लिहा. मतभेदाची नोंद असलेली वही मला जास्त विश्वासाची वाटते.

१३. शेजारच्या गावाबरोबर सामाईक जंगल आहे. हिशेब कुणाच्या वहीत?

दोन्ही वह्यांत, पण एकदाच मोजून. वाटून टाकायची घाई करू नका. निस्तार, म्हणजे घरगुती गरजांसाठीचा जंगलाचा वापर, आणि वहिवाट रेषेने कापता येत नाही. संयुक्त बैठक घ्या, एक सामाईक पान ठेवा आणि दोघांच्या सह्या घ्या. ऋतूप्रमाणे येणाऱ्या मेंढपाळांचा चराईहक्कही कायद्यात आहे. त्यांना विचारल्याशिवाय चाऱ्याचं खातं पुरं होत नाही.

१४. आमचं गाव अभयारण्यात आहे. आम्हाला हे लागू होतं का?

होतं. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्प यांतही वनहक्क कायदा लागू आहे. कर्नाटकातल्या बिळीगिरी रंगनाथ व्याघ्र प्रकल्पात सोलिगा आदिवासींना २०११ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. अशा ठिकाणी वहीला वजन जास्त असतं, कारण गाव जंगलात राहून काय जपतं हे दाखवायची वेळ तिथेच येते.

१५. आग ही नासाडी म्हणून लिहायची की व्यवस्थापन म्हणून?

कोणती आग, कधी लागली आणि कुणी लावली, यावर आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. ती आग एप्रिलच्या वाऱ्यात सुटली की रोपं जातात, आणि हे गावांनाही मान्य आहे. काही ठिकाणी आता जाळ्या अंथरतात किंवा झाडाखालचा पाला झाडून घेतात. हंगामाच्या सुरुवातीची, ओलसर पाल्यावरची हलकी आग वेगळी. सोलिगांचं म्हणणं आहे की ती बंद झाल्यावर घाणेरीचं तण बोकाळलं. ऑस्ट्रेलियात पश्चिम आर्नहेम लँडमध्ये सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर तिथले मूळनिवासी २००६ पासून कोरड्या हंगामाच्या आरंभीच अशी थंड आग लावतात. त्यामुळे नंतरचे मोठे वणवे घटतात, आणि उत्सर्जनातली ही घट मोजून त्यांना मोबदलाही मिळतो.

यावरून आपल्याकडे आग लावा, असा अर्थ काढू नका. जंगल वेगळं, ऋतू वेगळे, आणि आपल्याकडे आगीबद्दल गुन्हाही दाखल होतो. मी सांगतो ते एवढंच की ‘आग’ असा एकच रकाना न ठेवता महिना, प्रकार आणि कारण लिहा.

१६. कार्बन क्रेडिटवाली (जंगल शोषतं त्या कार्बनचा हिशेब विकणारी) कंपनी आली आहे. सही करू का?

लगेच नाही. करार मराठीत आणि शक्य तर गोंडीत वाचून घ्या. मुदत किती वर्षांची, मध्येच बाहेर पडता येतं का, क्रेडिटची मालकी कुणाची, सरपण, चराई आणि वनोपजावर बंधनं कोणती, वणव्यात जंगल गेलं तर देणं कुणाचं, हे पाचही मुद्दे ग्रामसभेत मोठ्याने वाचा. जंगलाचा एकच पैलू मोजणाऱ्या हिशेबात बाकीचं सगळं ‘अडथळा’ होऊन बसण्याची भीती असते. तुमची स्वतःची वही किमान तीन वर्षांची झाल्यावर बोलणी केलीत तर तुम्ही समोरच्याच्या आकड्यांवर अवलंबून राहणार नाही.

१७. इतर देशांत हे कायद्यात आलं आहे का?

न्यूझीलंडमध्ये २०१७ च्या कायद्याने व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्ती मानलं. डोंगरापासून समुद्रापर्यंत अखंड, ‘ते आवा तुपुआ’ या नावाने. तिच्या वतीने बोलायला दोघं जण नेमलेले असतात, एक माओरी इवींनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी जमातींनी, नेमलेला आणि एक सरकारने. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले की मी नदी आहे आणि नदी मी आहे. त्या वाक्याला कायद्यात जागा मिळायला शतकाहून जास्त काळ झगडावं लागलं. आपल्याकडे तसाच कायदा व्हावा का, यावर मतं वेगळी असू शकतात. आपल्याला आत्ता हातात असलेलं साधन ग्रामसभेचा ठराव आहे, आणि ते कमी दर्जाचं नाही (प्रश्न ९).

१८. सगळं लिहून झाल्यावर वही कुणाकडे ठेवायची?

मूळ प्रत ग्रामसभेकडे. संस्थेच्या कार्यालयात, माझ्याकडे किंवा तालुक्याला गेलेली ती झेरॉक्स. संगणकावर भरली असेल तर पासवर्ड ग्रामसभेने नेमलेल्या दोघांकडे असावा, त्यांत एक बाई. दरवर्षी एका ठरलेल्या बैठकीत वही सुरुवातीपासून मोठ्याने वाचायची. आम्ही हे पंडुमनंतरच्या पहिल्या ग्रामसभेला करतो. वाचताना कुणी म्हणालं की हे चुकीचं लिहिलं आहे, तर खोडू नका. शेजारी दुरुस्ती लिहा, तारीख घाला आणि सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्या.